आधी दवाखाना, मग ठाणं: बलात्कारानंतरचे पहिले तीन दिवस आणि पुढचा काळ

लैंगिक अत्याचाराची गोष्ट सगळ्यात आधी कानावर पडते ती जवळच्याच कुणाच्या तरी. आई, मोठी बहीण, हॉस्टेलमधली मैत्रीण, शाळेतल्या बाई, वस्तीवरची आशाताई. पोलीस, डॉक्टर, वकील हे सगळे नंतर येतात. पुढं काय होणार हे बरंचसं या पहिल्या माणसाच्या वागण्यावर ठरतं, आणि नेमकं त्यालाच कुणी काही शिकवलेलं नसतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आजचा कायदा कागदावर बराचसा बाईच्या बाजूनं आहे. घोळ होतो तो क्रमात. घरचे आधी तिला आंघोळ घालतात, कपडे धुऊन टाकतात. मग नातेवाइकांची बैठक बसते. दोन दिवसांनी ठाण्यात जातात, तिथं अर्धा दिवस बाकावर जातो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ७२ तास उलटून गेलेले असतात. एचआयव्हीची लागण रोखणारं औषध ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. म्हणून पहिल्यांदा दवाखाना गाठायचा. पोलीस दवाखान्यात येऊ शकतात, आणि तिथं येऊन तक्रार लिहून घेणं हे त्यांचं कामच आहे.

पहिला तास

ती सांगत असेल तेव्हा ऐका. मध्ये प्रश्न घालू नका. ‘एवढ्या रात्री तिकडं का गेलीस?’, ‘ओरडली का नाहीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारले जातात, आणि विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणारीला त्यातून एकच कळतं: चूक माझी. पुष्कळ जणी तिथंच गप्प होतात आणि परत कधीच बोलत नाहीत. त्याऐवजी साधं बोला. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘यात तुझी काही चूक नाही.’ ‘आता तुला काय हवंय?’ अंगावर हात ठेवायचा तर आधी विचारा. तिच्या शरीराबद्दलचा निर्णय नुकताच कुणीतरी तिच्याकडून हिसकावून घेतलेला असतो. त्यामुळे पाणी हवं की चहा, दार लावू की उघडं ठेवू, सोबत कोण हवं, असे बारीकसारीक निर्णयसुद्धा तिलाच घेऊ द्या.

‘ओरडली का नाही’ याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. मोठ्या भीतीत शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं, आणि यातलं काय होणार हे माणूस ठरवत नाही. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. नंतर आठवणीही तुकड्यातुकड्यांत येतात. पंख्याचा आवाज लख्ख आठवतो, पण किती वाजले होते ते आठवत नाही. हे खोटेपणाचं लक्षण मुळीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की बाईनं शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही.

निघण्याआधी जमलं तर आंघोळ, चूळ, दात घासणं, कपडे बदलणं टाळायचं. लघवी लागली असेल तर रोखून धरायला लावू नका. पेयातून काही दिल्याचा संशय असेल, तर मात्र पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरून सोबत न्या, कारण गुंगीच्या औषधाचा अंश शरीरातून लवकर निघून जातो. कपडे बदललेच असतील तर ते न धुता कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको. त्यात ओल कोंडते, बुरशी धरते आणि डागातला डीएनए खराब होतो. आणि हे सगळं आधीच होऊन गेलं असेल, आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरीही दवाखान्यात जायचंच. ‘पुरावा तू घालवलास’ असं तिला कुणी म्हणू नये.

दवाखान्यात

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं बलात्काराच्या पीडितेला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे असतात. नाकारलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काउंटरवर हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘आधी पोलिसांचं पत्र आणा.’ असं पत्र लागत नाही. पोलिसांचा कागद नाही म्हणून तपासणी नाकारणं चूक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे. तपासणी शक्यतो सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात करावी, कारण साहित्य आणि सवय तिथं असते. रक्तस्राव किंवा मोठी जखम असेल तर मात्र जवळचा कुठलाही दवाखाना गाठा.

रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पण प्रौढ बाईनं फिर्याद द्यायची की नाही, हे तीच ठरवते. ‘मला आत्ता पोलिसात जायचं नाही’ असं तिनं सांगितलं तर ते केसपेपरवर नोंदवून तिची सही घेतात, आणि उपचार तसेच चालू राहतात. संमतीही एकदाच, सगळ्याला मिळून घेत नाहीत. तपासणीला, नमुने घ्यायला, उपचाराला अशी वेगवेगळी विचारतात. तिला औषध हवं पण अंतर्गत तपासणी नको, असंही चालतं. मधेच ‘थांबा’ म्हणायचा अधिकारही तिला आहे. खोलीत पोलीस नसावेत, पुरुष पोलीस तर नाहीच. महिला डॉक्टर मिळाव्यात. त्या नसतील आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत बाई हवी.

आत काय होतं हे आधी माहीत असेल तर भीती थोडी कमी होते. जमिनीवर मोठा कागद अंथरतात आणि तिला त्यावर उभं राहून एकेक कपडा काढायला सांगतात. कपड्यांतून पडलेली माती, गवताची काडी, केस त्या कागदावर जमा होतात. तो कागद घडी करून पाकिटात घालतात. प्रत्येक कपड्याचं पाकीट वेगळं. अंगावरचे ओरखडे, दाताच्या खुणा, सूज यांची मापं घेऊन शरीराच्या आकृतीवर खुणा करतात. नखांखालचा मळ, विंचरून निघालेले केस, जिथं जिथं स्पर्श झाला तिथले कापसाच्या बोळ्याचे नमुने, रक्त, लघवी. बोळे सावलीत सुकवूनच पाकिटात घालायचे असतात. घाईत ओलेच बंद केले तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निकामी होतात, आणि ही चूक वारंवार होते. पाकिटांवर सील, सही, तारीख, वेळ हवी. पोलिसांना देताना पोचपावती हवी. ‘नमुने सीलबंद करून कुणाला दिले?’ एवढं सोबतच्या माणसानं शांतपणे विचारावं आणि नाव, वेळ वहीत लिहून ठेवावी. पुढं खटल्यात याच साखळीवर बोट ठेवलं जातं.

योनिमार्गातले नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. त्यानंतर गेलं तरी जखमांची नोंद, उपचार आणि तिनं सांगितलेला इतिहास यांचं मोल कमी होत नाही. कपड्यावरच्या सुकलेल्या डागातून तर पुष्कळ दिवसांनीही डीएनए मिळू शकतो.

दोन बोटांची तपासणी करू द्यायची नाही. योनी किती सैल आहे यावरून ‘सवय’ ठरवणाऱ्या या प्रकाराला शास्त्राचा कसलाही आधार नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याविरुद्ध सविस्तर अहवाल तयार केला, तो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही तपासणी बंद करायला सांगितली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. अहवालात योनिपटलाच्या जुन्या जखमांवर शेरेबाजी दिसली तर ती लगेच लक्षात आणून द्या.

जखम नाही म्हणून बलात्कार नाही, हा समज महाराष्ट्राला फार महाग पडलेला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. (तिचं नाव सगळीकडे छापून आलं आहे, इथं ते मुद्दाम लिहिलेलं नाही.) उच्च न्यायालयानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनं आरडाओरडा केला नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालय तसंच गृहीत धरेल, ही तरतूद तेव्हापासूनची.

औषधांचं वेळापत्रक

पुराव्याच्या गडबडीत औषधं मागं पडतात. तसं होऊ देऊ नका.

गर्भधारणा टाळायला लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, एकाच वेळी. ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी उत्तम. पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो, पण तो तासागणिक घटत जातो. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा याहून खात्रीचा उपाय, अर्थात तिला ती तपासणी सोसवत असेल तरच. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करायची.

एचआयव्हीसाठीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करून सलग २८ दिवस घ्यायचं. इथं गळती फार होते. पहिल्या रात्री रुग्णालयातून काही दिवसांच्याच गोळ्या मिळतात आणि बाकीच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रातून, आणायला सांगतात. बाई त्या केंद्राच्या रांगेत उभी राहायला घाबरते, मळमळ होते, आणि औषध सुटतं. निघतानाच पूर्ण २८ दिवसांच्या गोळ्या मागा. नाहीच मिळाल्या तर पुढच्या खेपेला तिच्याऐवजी कोण जाणार, ते तिथंच ठरवा. एचआयव्हीची चाचणी पहिल्या दिवशी, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. शिवाय हिपॅटायटिस बीची लस (पहिला डोस लगेच, मग एक आणि सहा महिन्यांनी), धनुर्वाताचं इंजेक्शन आणि इतर गुप्तरोगांवरची प्रतिजैविकं.

गर्भ राहिलाच तर वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढं दोघांचं लागतं. २४ च्या पुढं उच्च न्यायालयात जावं लागतं आणि त्यात आणखी दिवस जातात. फिर्याद दिली असेल तर गर्भपाताआधी पोलिसांना कळवून ठेवा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपला जाईल.

ठाण्यात

घटना कुठंही घडलेली असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. फिर्याद तोंडी सांगितली तरी चालते. लिहून घेणारी महिला अधिकारी असली पाहिजे. बाईला ठाण्यात बोलावण्याचंही कारण नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, जवळच्या माणसाच्या किंवा सामाजिक कार्यकर्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. ती दिव्यांग असेल तर दुभाषी आणि व्हिडिओ चित्रीकरण हवं.

हातात कुठला कागद पडतो ते नीट पाहा. घात सहसा इथंच होतो. ‘अर्ज घेतलाय, चौकशी करतो’ म्हणून शिक्का मारलेली प्रत म्हणजे एफआयआर नव्हे. ‘एनसी’ची पावती म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. बलात्कार दखलपात्र आहे. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख, वेळ आणि कलमं असतात, आणि तिची प्रत फिर्यादीला तिथंच मोफत मिळते. बलात्काराची फिर्याद नोंदवली नाही तर तो अधिकारी न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीला पात्र ठरतो. अडवलं तर तीच फिर्याद लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात पोलीस आयुक्तांना पाठवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता जबाबाच्या शब्दांबद्दल. आपल्याकडं शरीराबद्दल बोलायची लाज, म्हणून बाई म्हणते, ‘त्यानं माझ्याशी वाईट केलं.’ लिहिणारा लिहितो, ‘गैरवर्तन केले.’ या एका शब्दानं गुन्हा बलात्काराच्या कलम ६४ वरून विनयभंगाच्या कलम ७४ वर घसरतो. ६४ ला किमान दहा वर्षं, ७४ ला एक ते पाच. कलम ६३ मध्ये लिंगच नव्हे, बोट, एखादी वस्तू किंवा तोंड वापरणं हेही बलात्कारात मोडतं. म्हणून काय, कशानं, कुठं केलं हे स्पष्ट शब्दांत आलंच पाहिजे. तिला उच्चारवत नसेल तर तिनं बोट दाखवून किंवा चिठ्ठीवर लिहून सांगावं.

उलट अडचणही असते. ती अहिराणीत, गोंडीत, कोरकूत किंवा घरच्या वऱ्हाडीत सांगते आणि कागदावर उतरतं: ‘सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध जबरीने शरीरसंबंध प्रस्थापित केले.’ दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतो, ‘प्रस्थापित म्हणजे काय हो?’ ती गोंधळते, आणि जबाब पढवलेला ठरवला जातो. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहायला सांगा. वेळ नेमकी आठवत नसेल तर ‘दिवेलागणीच्या सुमारास’ असंच लिहू द्या. अंदाजानं ‘सात वाजून दहा मिनिटांनी’ सांगितलं की पुढं तेच गळ्यात येतं. उशीर झाला असेल तर तो का झाला हेही त्याच जबाबात यावं: धमकी होती, नवरा गावाला होता, बदनामीची भीती होती. निव्वळ उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, आणि एकट्या पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे. सही करण्याआधी जबाब वाचून दाखवायला लावा.

त्यानंतर दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा जबाब होतो. कोर्टात अजून लोक त्याला जुन्या कायद्यातल्या क्रमांकावरून ‘१६४’ म्हणतात. तो शक्यतो महिला दंडाधिकारी घेतात. पुरुष असतील तर सोबत बाई हवी. तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो, आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडितेला कळवायची असते.

काही ठिकाणी कायदाच अपुरा आहे, तेही सांगायला हवं. नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती अजूनही बलात्काराच्या व्याख्येत नाही. तिथं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागावं लागतं, लैंगिक छळ त्यात येतो. सज्ञान पुरुषावर झालेल्या बलात्काराला नव्या संहितेत वेगळं कलम उरलेलं नाही. ही उणीव गंभीर आहे. पण उपचाराचा हक्क पुरुषाला आणि तृतीयपंथी व्यक्तीलाही तितकाच आहे, आरोग्य मंत्रालयाच्या सूचना त्यांच्यासाठीही आहेत.

मूल असेल तर

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो, मुलगा असो की मुलगी. इथं ‘कळवायचं की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून मुख्याध्यापकांनी दाबून ठेवलं तर त्यांच्यावरही गुन्हा होतो. १०९८ किंवा ११२ वर फोन करा.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. आईनं विचारलं, मग मामानं, मग वर्गशिक्षिकेनं, मग कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. प्रत्येक वेळी मूल थोडं वेगळं सांगतं, कारण त्याला वाटतं आधीचं उत्तर चुकलं म्हणूनच परत विचारताहेत. कोण, काय, कुठं, एवढं कळलं की थांबा. त्याच्या शब्दांत लगेच लिहून ठेवा, ‘शू-शूच्या जागी’ म्हणालं असेल तर तसंच. पोलिसांनी गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी जबाब घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस त्या वेळी सोबत राहतं. बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्ती मागा. ही व्यक्ती खटला संपेपर्यंत मुलासोबत राहते, आणि मागितल्याशिवाय ती मिळतेच असं नाही.

अत्याचार रोखण्याबद्दलही इथंच बोलायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीची भीती घालून मुलं सुरक्षित होत नाहीत. धोका घरात येणारा-जाणारा, लाड करणारा, खाऊ देणारा असतो. तो आधी मोठ्यांचा विश्वास मिळवतो, मग मुलासोबत एकटं राहायची निमित्तं काढतो, मग एखादं छोटं गुपित ठेवायला लावतो: ‘आईस्क्रीम खाल्लं ते आईला सांगू नको हं.’ ते गुपित राहिलं की पुढचं मोठं गुपितही राहणार, हे त्याला कळतं. म्हणून घरात नियमच करा की आपल्याकडं आईबाबांपासून लपवायची गुपितं नसतात. शरीराच्या भागांची खरी नावं मुलांना शिकवा. पाहुण्यांना जबरदस्तीनं पापी द्यायला लावू नका. मूल अचानक एखाद्या माणसाकडं जायला नकार देत असेल तर ‘हट्ट करू नको’ म्हणण्याआधी जरा थांबा.

नंतरचे आठवडे

पहिल्या आठवड्यात सगळे येतात, महिन्यानं कुणी येत नाही. झोप उडणं, दचकणं, घटना डोळ्यांसमोर परत परत येणं, अंग घाण वाटून दिवसातून पाच वेळा आंघोळ करणं, किंवा काहीच न वाटणं, हे सगळं अपेक्षित आहे. ती हसली, टीव्ही पाहू लागली, म्हणजे विसरली असं समजू नका. महिन्यानंतरही हे तसंच असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलू लागली तर मानसोपचाराची मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ चोवीस तास मोफत आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली पालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, पुढं ते इतर रुग्णालयांतही गेलं. दवाखान्यातच समुपदेशक असली की बाईला ‘कुठं चाललीस’ याचं उत्तर घरी द्यावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. जिल्ह्याजिल्ह्यात ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. आरोपी त्याच घरात किंवा वाड्यात राहत असेल तर दवाखान्यातून सुटण्याआधीच हे ठरवा. महिला हेल्पलाइन १८१.

गावात आणि भावकीत दोन गोष्टी हटकून होतात. पहिली, नाव फुटणं. न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नाव न लिहिता ‘अमक्या शाळेच्या मागच्या वाडीतली, सातवीतली’ असं लिहिणं हीसुद्धा ओळखच झाली. निषेध मोर्चाच्या फलकावर फोटो लावणारे बहुतेक वेळा तिच्या बाजूचेच असतात, तरी नुकसान तिचंच होतं. दुसरी, तडजोड. ‘लग्न लावून देऊ’, ‘पैसे घ्या आणि मिटवा’. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. जातपंचायत बसवून घराला वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा. त्याखाली वेगळी तक्रार द्या.

पैसा

औषध मोफत असलं तरी गाडीभाडं, बुडालेली मजुरी, बदललेली खोली यांचा खर्च होतोच. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारात. गंभीर प्रकरणांत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि बँकेचं पासबुक लागतं. खातं तिच्या स्वतःच्या नावावर हवं. सासऱ्याच्या खात्यात गेलेला पैसा तिच्यापर्यंत पोचत नाही. ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्यांतला नसेल, तर एफआयआरमध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं लागली आहेत ना ते पाहा. त्याखाली बलात्कारासाठी पाच लाखांचं अर्थसाहाय्य असतं. निम्मं वैद्यकीय तपासणीनंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, उरलेलं खटल्याअंती. कलमं सुटली की ही मदतही सुटते. मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, क्रमांक १५१००.

कोर्टात

सरकारी वकील राज्याचा असतो. त्याच्या मदतीला ती स्वतःचा वकील देऊ शकते, आणि वकील दिला असेल तर दोषारोपपत्राच्या प्रतीही तिला मोफत मिळतात. सुनावणी बंद दाराआड होते. तिच्या पूर्वीच्या संबंधांबद्दल, चारित्र्याबद्दल प्रश्न विचारायला कायद्यानं बंदी आहे. असा प्रश्न आला तर तिनं उत्तराची घाई न करता न्यायाधीशांकडं पाहावं, म्हणजे वकिलाला हरकत घ्यायला वेळ मिळतो. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा मागता येतो. संवेदनशील साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारली आहेत, तुमच्या जिल्हा न्यायालयात ते आहे का ते आधी विचारा. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. साक्षीदार फितूर होतात ते बरेचदा याच दिवसांत, तारखांवर तारखा पडत असताना.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात सरकारी वकिलांना भेटून जबाब एकदा वाचून घ्यावा, आणि रिकामी कोर्टरूम तिला दाखवून आणावी. साक्षीच्या दिवशी पिशवीत समन्स, ओळखपत्र, पाणी, डबा आणि चालू असलेली औषधं. सोबतचा माणूस साक्षीदारांच्या यादीत असेल तर तिच्या साक्षीच्या वेळी त्याला आत बसता येत नाही, म्हणून यादीत नसलेली एक बाई बरोबर न्या. आरोपीचे नातेवाईक सहसा जिन्याजवळ किंवा चहाच्या टपरीवर उभे असतात, त्यामुळे आत जायची वाट आणि बसायची जागा आधीच हेरून ठेवा. तारीख पुढं गेलीच तर ‘वकील कळवतील’ यावर न थांबता पुढची तारीख तिथंच वहीत लिहून घ्या.